यंत्राचा प्रकार ओळखता येत नाही तेव्हा



संगणकाची एखादी आज्ञावली तयार पाकिटातून न घेता तिच्या मूळ सोर्सपासून आपल्याच यंत्रावर बांधावयास घेतली, की कित्येकदा पहिल्याच पायरीला काम अडते. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते: ‘कॅनॉट गेस बिल्ड टाइप, यू मस्ट स्पेसिफाय वन.’ यंत्राचा प्रकार ओळखता येत नाही, तो तुम्हीच सांगा, असा तिचा अर्थ. ही ओळ वाचून बहुतेक माणसे दोहोंपैकी एक गोष्ट करतात. कोणी समजतो की आपले यंत्रच हलके, या कामाच्या लायकीचे नाही. तो ते फळीवर ठेवून देतो आणि नव्यासाठी पैसे जमवू लागतो. कोणी अधिक धीट असतो. मागितलेच आहे तर सांगून टाकू, म्हणून तो कोठेतरी वाचलेला एखादा प्रकार ठोकून देतो आणि दार उघडले की खूश होतो. पहिल्याचे पैसे जातात. दुसऱ्याचे नुकसान उशिरा कळते, म्हणून ते अधिक. या दोन्ही वाटा का चुकीच्या आणि तिसरी वाट कोणती, एवढेच आज सांगावयाचे आहे.

मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा लवकर सुटली. इंग्रजी शिकलो ते कायद्याची कलमे आणि नोटिसा लावता लावता, आणि संगणक शिकलो तो नांदुऱ्यात आमच्या कचेरीची पत्रके आणि सभासदांच्या याद्या काढता काढता. तेव्हा पंडिती व्याख्या मजजवळ नाहीत. परंतु ‘तुमचे नाव यादीत सापडत नाही’ हे वाक्य मी जिनिंगच्या फाटकावर, भविष्यनिर्वाह निधीच्या खिडकीशी आणि रेशनच्या दुकानात इतक्या वेळा ऐकले आहे की, तेच वाक्य यंत्राच्या तोंडून आले तेव्हा पहिला प्रश्न ठरलेलाच होता: तुमची यादी कधीची?

आता ही यादी म्हणजे काय ते पाहू. (आज्ञांची नावे येथे नागरीत दिली आहेत, टंकताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टंकावी.) १९९१ साली डेव्हिड मॅकेंझी या गृहस्थांनी ‘ऑटोकॉन्फ’ नावाचे साधन रचण्यास आरंभ केला. त्याच साली पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला होता, आणि त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते. सांगावयाचे एवढेच की त्या काळी यंत्रांच्या जाती भाराभर होत्या. एकाच आज्ञावलीची संहिता दर जातीच्या यंत्रावर हाताने दुरुस्त करावी लागे. ऑटोकॉन्फने युक्ती काढली ती अशी: संहितेबरोबर ‘कॉन्फिगर’ नावाची एक फाइल द्यावयाची. ती आधी यंत्राची चौकशी करील, आणि मग त्या यंत्राला बेतेल अशी बांधणी ठरवील.

या चौकशीत दोन मदतनीस असतात. पहिला ‘कॉन्फिग.गेस’. तो मुळात पेर बॉथ्नर यांनी लिहिला. हा यंत्राला ‘यूनेम’ या आज्ञेने विचारतो, तुझा प्रोसेसर कोणता, तुझी प्रणाली कोणती, तिची आवृत्ती कोणती. आणि आलेली उत्तरे आपल्याजवळच्या एका लांबलचक यादीशी ताडून पाहतो. जुळणी झाली की तो त्या यंत्राचे नाव छापतो. उदाहरणार्थ, ‘एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू’. नावात आधी प्रोसेसर, मग बनविणारा, मग प्रणाली. आपल्या भागातील जुन्या मंडळींना हे नवे वाटू नये. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने रुईच्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालण्याची सक्ती केली होती. गाठ मुंबईला जावो की विलायतेला, ती कोणत्या प्रेसमधून निघाली ते खुणेवरून कळे. हे नाव तशीच एक खूण आहे, आणि पुढचे सर्व निर्णय या खुणेकडे पाहून होतात.

दुसरा मदतनीस ‘कॉन्फिग.सब’. याचे काम ओळखण्याचे नसून नाव सरळ करण्याचे. हजेरीपटावर रामा, बँकेत रामराव आणि आधारकार्डावर रामचंद्र अशी एकाच माणसाची तीन नावे असली म्हणजे त्याच्या निधीच्या रकमेचे काय होते, ते हमालांना विचारा. यंत्रांचेही तसेच. कोणी ‘एएमडी६४’ म्हणतो, कोणी ‘एक्स८६_६४’. दोन्ही एकच. कॉन्फिग.सब पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करतो. आणि जे नाव त्याच्या यादीत मुळीच नाही, ते ‘नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणून परत करतो.

ही जोडी ऑटोकॉन्फच्या जन्मापासून आजतागायत दुरुस्त होत आली आहे. नवा प्रोसेसर निघाला की यादीत ओळ पडते. मग अडचण येते कोठून? ती येथून, की प्रत्येक आज्ञावलीच्या गठ्ठ्यात या दोन फाइलींची एक एक प्रत कोंबलेली असते, आणि गठ्ठा ज्या दिवशी बांधला त्या दिवशी ती प्रत गोठते. मूळ यादी पुढे चालत राहते, गठ्ठ्यातली तेथेच थांबते. सात-आठ वर्षांपूर्वीचे मस्टर घेऊन मुकादम फाटकावर उभा राहिला, तर काल लागलेला कामगार त्याला अनोळखीच वाटणार. त्यात कामगाराच्या अंगच्या कसबाचा संबंध नाही.

याचे अगदी आपल्या मराठीच्या कामाचे उदाहरण देतो. शुद्धलेखन तपासणारी ‘ॲस्पेल’ नावाची एक मुक्त आज्ञावली आहे आणि तिच्यासाठी मराठीची शब्दसूचीही तयार आहे. ती सूची चालण्यास ॲस्पेलची ०.६० किंवा तिच्या पुढची आवृत्ती लागते. ०.६०.६.१ ही आवृत्ती २०११ साली निघाली, पुढची ०.६०.७ निघाली ती एकदम २०१९ मध्ये. मध्ये आठ वर्षे गेली. या आठ वर्षांत काय झाले? एआरएम कंपनीचा ६४ बिटांचा प्रोसेसर आला. यंत्रांच्या नामावळीत त्याचे नाव ‘एएआर्च६४’, आरंभी दोन वेळा ए. ऑटोकॉन्फच्या बाजूने त्याची ओळख पटू लागली ती एप्रिल २०१२ मध्ये निघालेल्या २.६९ या आवृत्तीपासून. म्हणजे २०११ च्या गठ्ठ्याला हा प्रोसेसर माहीत असणे शक्यच नव्हते. आज तळहाताएवढ्या स्वस्त संगणकांत बहुधा हाच प्रोसेसर असतो, आणि गावोगावच्या शाळांत व लहान कचेऱ्यांत परवडतात ती हीच यंत्रे. जुना गठ्ठा कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून देतो, तो अशा यंत्रावर सोडला की ‘ओळखता येत नाही’ हे उत्तर ठरलेले. ही अडचण ॲस्पेलपुरती नव्हती. २०१३ च्या मार्चमध्ये फेडोरा या लिनक्स वितरणात याच एका कारणासाठी शेकडो पाकिटांवर एकाच मजकुराच्या तक्रारी नोंदवाव्या लागल्या होत्या.

कोणी म्हणेल, नवी आवृत्ती आहे तर नवी घ्या, नाहीतर वितरणाचे तयार पाकीट घ्या. खरे आहे, ॲस्पेलच्या बाबतीत मीही तेच सांगेन. जुन्या सी++ संहितेला नवा कंपायलर पुढे आणखी हरकती काढू शकतो, ते निराळेच. परंतु ॲस्पेलला निदान आठ वर्षांनी वाली मिळाला. कितीतरी लहान उपयोगी आज्ञावल्या अशा आहेत की त्यांचा कर्ता दुसऱ्या उद्योगाला लागला, नवी आवृत्ती निघालीच नाही. संहिता मात्र उघडी आहे, चांगली आहे, आणि ती बांधून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो अधिकार फाटकावरच्या एका शिळ्या यादीपायी सोडून द्यावयाचा काय?

तेव्हा काम अडले की पहिल्याने पडद्यावरची शेवटची ओळ सोडून तिच्या वरचा मजकूर वाचावा. लोक तो वाचत नाहीत. कॉन्फिग.गेस हरला म्हणजे मुकाट्याने हरत नाही. तो आपली तारीख सांगतो, यूनेमने दिलेली उत्तरे ओळीने छापतो, आणि नवी प्रत कोठे मिळेल तेही लिहितो. तारीख फाइलीच्या डोक्यावरही ‘टाइमस्टँप’ या शब्दापुढे असते. ती २०१२ च्या मागची आणि यूनेमचे उत्तर एएआर्च६४ असेल, तर निदान झाले.

उपाय सोपा आहे. दोन्ही फाइलींच्या नव्या प्रती आणून जुन्यांच्या जागी ठेवावयाच्या. डेबियन किंवा उबुंटूवर ‘ऑटोटूल्स-डेव्ह’ हे पाकीट घातले की त्या ‘यूएसआर’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘मिस्क’ या खणात येऊन बसतात. ऑटोमेक असेल तर त्याच्या खणातही त्या असतात. दोन्ही बदलावयाच्या, हे मुद्दाम सांगतो. पुष्कळ जण गेस बदलतात आणि सब जुनाच ठेवतात; मग गेस यंत्र बरोबर ओळखतो, नाव सबकडे जाते, आणि सब ते परत फेकतो. दुसरी गोष्ट, मोठ्या गठ्ठ्यात पोटगठ्ठे असतात आणि प्रत्येकात या जोडीची वेगळी प्रत असू शकते. ‘फाइंड’ने सगळ्या शोधून बदलाव्या.

येथेच ‘तुम्हीच सांगा’ या वाक्यातील मेख उघड होते. संदेश सुचवितो की ‘बिल्ड’ हा पर्याय देऊन नाव हाताने सांगितले की झाले. पण सांगितलेले नावही कॉन्फिग.सबच्या हातून जाते. तो जुना असेल तर खरे नाव सांगूनही पटत नाही. आणि मग चिडलेला माणूस काय करतो? त्याला पटेल असे खोटे नाव सांगतो. ‘आय६८६’ सांगून पाहा, हा सल्ला मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. फाटक उघडते खरे. पण आत गेल्यावर जी आज्ञावली प्रोसेसरनुसार हाताने लिहिलेले असेंब्लीचे तुकडे निवडते, ती परक्या प्रोसेसरचे तुकडे उचलते. तेथेच कंपायलरने अडविले तर नशीब म्हणावयाचे. पुष्कळदा तो अडवीत नाही. सामायिक लायब्ररी न बनता नुसती स्थिर लायब्ररी बनते, किंवा एखादी सोय गुपचूप बंद राहते, आणि महिन्यांनी दुसरी आज्ञावली अडली म्हणजे शोध सुरू होतो. तोवर ते खोटे नाव कोणाच्या लक्षातही नसते.

तशातलीच दुसरी चूक म्हणजे ‘बिल्ड’च्या जागी ‘होस्ट’ देणे. बिल्ड म्हणजे जेथे बांधतो ते यंत्र. होस्ट म्हणजे बांधलेले जेथे चालवावयाचे ते. दोन्ही वेगळी निघाली तर कॉन्फिगर समजतो की माल परगावी जावयाचा आहे. मग तो लहान लहान चाचण्या येथे चालवून पाहत नाही, अंदाजाने उत्तरे धरतो. आपल्याच यंत्रासाठी बांधताना होस्टला हात लावू नये.

आता असाही प्रकार असतो की यादी नवी आहे आणि तरी काम अडते. त्यात निम्म्या वेळा दोष वाहतुकीचा. गठ्ठा विंडोजच्या यंत्रावर सोडून, तेथील एखाद्या साधनाने ओळींची टोके बदलून, मग लिनक्सवर आणला, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे अक्षर चिकटते आणि शेलला ती फाइल वाचता येत नाही. ‘कॅनॉट रन’ आणि पुढे कॉन्फिग.सबचे नाव, असा संदेश दिसला की हा संशय धरावा. दुसरा प्रकार अधिक फसवा. ऑटोमेक या फाइली सोर्सच्या खणात पुष्कळदा प्रत म्हणून ठेवीत नाही. नुसता दुवा ठेवतो, खरी फाइल दुसरीकडे असते. असा खण जसाच्या तसा दुसऱ्या यंत्रावर नेला, तर यादीत कॉन्फिग.गेसचे नाव दिसते आणि उघडू गेले तर फाइल नाही. पेनड्राइव्हवर तर हे दुवे बहुधा टिकतच नाहीत. कामगाराचे नाव पटावर आहे आणि माणूस दुसऱ्या गावी, असला हा मामला. नव्या यंत्रावर खऱ्या प्रती ठेवल्या की मिटतो.

राहिला तो प्रकार मला सर्वांत शिकविणारा वाटला, कारण त्यात कोणी खोटे बोलत नाही आणि तरी उत्तर चुकते. २०२३ पासून रास्पबेरी पाय ४ या लहान संगणकावर ३२ बिटांची प्रणाली बसविली तरी तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात तो, ६४ बिटांचा सुरू होऊ लागला. म्हणजे पाया एका मापाचा आणि वरचे घर दुसऱ्या मापाचे. यूनेमला विचारले तर तो पायाचे माप सांगतो: एएआर्च६४. पण कंपायलर, लायब्ऱ्या, झाडून सारे वरच्या घरातले, ३२ बिटांचे. यूनेमवर विसंबून बांधणी ६४ बिटांची वाट धरते आणि कंपायलर ती घेत नाही. येथे दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. ‘जीसीसी’ पुढे उणे चिन्ह देऊन ‘डंपमशीन’ असे लिहिले की कंपायलर स्वतः कोणासाठी माल काढतो ते सांगतो. डेबियनच्या घराण्यात ‘डीपीकेजी’लाही विचारता येते, तो अशा यंत्रावर ‘एआरएमएचएफ’ म्हणेल. कॉन्फिग.गेसच्या अलीकडच्या प्रती काही प्रोसेसरांच्या बाबतीत कंपायलरची ही साक्ष आपण होऊन घेतात. म्हणून कंपायलर बसविण्याआधीच कॉन्फिगर चालवू नये; साक्षीदार हजर नसला की अंदाज अंदाजच राहतो.

अशा दुभंगलेल्या यंत्रावर दोन मार्ग आहेत. कॉन्फिगरच्या आधी ‘लिनक्स३२’ हा शब्द लिहिला की त्या कामापुरता गाभा स्वतःला ३२ बिटांचा म्हणवितो. किंवा बिल्डच्या पर्यायात कंपायलरने सांगितलेले नाव जसेच्या तसे द्यावे. हाताने नाव सांगणे योग्य ठरते ते येथे, कारण ते नाव पुराव्यानिशी मिळालेले असते. यूनेम, कंपायलर आणि कॉन्फिग.गेस या तिघांची उत्तरे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहिली, तर वर सांगितलेल्या दुखण्यांपैकी आपले कोणते ते बहुधा दिसून येते. तंट्याच्या चौकशीतही मी हेच करतो: मालकाचे रजिस्टर, कामगाराचे कार्ड आणि बँकेचे पुस्तक एकदम उघडावयाचे.

फाइली बदलण्याच्या उपायालाही अपवाद आहेत, ते सांगितले पाहिजेत. ‘जीएमपी’ ही मोठ्या संख्यांची गणिते करणारी लायब्ररी आहे. तिच्यातील कॉन्फिग.गेस हा नेहमीचा नव्हे; तो त्यांचा स्वतःचा आहे, प्रोसेसरची नेमकी पिढी ओळखणारा, आणि नेहमीचा त्यांनी ‘कॉन्फिगएफएसएफ.गेस’ या नावाने पाठीमागे ठेवला आहे. तेथे डोळे मिटून नवी प्रत टाकली तर त्यांची बारीक ओळख पुसली जाते. फाइलीचा माथा वाचल्याशिवाय ती बदलू नये. तसेच आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरची ‘पीपीसी६४एलई’ ही जात आली तेव्हा नुसत्या दोन फाइली पुरल्या नाहीत. लिबटूल नावाचा तिसरा भागही जुना असल्यामुळे सामायिक लायब्ऱ्या बनेनात. अशा वेळी ‘ऑटोरीकॉन्फ’ चालवून सगळी कॉन्फिगरच नव्याने घडवावी लागते. डेबियनने तर बांधणीच्या आपल्या नव्या नियमांत हे नेहमीचेच करून टाकले. घरी करणाऱ्याने मात्र ते दुसऱ्या पायरीला ठेवावे. फार जुनी संहिता नव्या ऑटोकॉन्फखाली पुन्हा घडविताना दुसरी भांडणे निघतात. दोन फाइली बदलण्याला पाच मिनिटे लागतात, त्या भांडणांना रविवार पुरत नाही.

हे सारे लवकरच आपल्या अधिक जवळ येणार आहे. एप्रिल २०२२ मध्ये भारत सरकारने रिस्क-फाइव्ह जातीचे प्रोसेसर देशात घडविण्याची ‘डीआयआर-व्ही’ ही योजना जाहीर केली. मद्रासच्या आय. आय. टी. चे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे त्याच जातीचे. ती जात बर्कली येथे २०१० मध्ये जन्मली. तेव्हा त्यापूर्वी बांधलेल्या कोणत्याही गठ्ठ्याला ती माहीत नाही, आणि नंतरच्याही पुष्कळांना नाही. देशी प्रोसेसरवर एखाद्या शाळेने जुनी मराठी-हिंदीची साधने बांधावयास घेतली, तर हेच वाक्य पडद्यावर येईल, आणि ‘देशी माल, असाच असायचा’ असे म्हणणारे शेजारी उभे असतील. त्यांना त्या वेळी फाइलीची तारीख दाखवावी.

आणि अगदी ताजी प्रत आणूनही यंत्र ओळखले गेले नाही तर? तर खरोखरच यादीत नाव नाही, आणि ते घालून घ्यावे लागेल. फाइलीतच पत्त्याची ओळ आहे. त्या पत्त्यावर फाइलीची तारीख, यूनेमची छापलेली सर्व उत्तरे, कंपायलरचे उत्तर आणि यंत्राचे योग्य नाव कोणते असावे असे आपल्याला वाटते ते कळवावे. पत्र इंग्रजीत लिहावे लागते, पण आठ-दहा ओळी पुरतात. कोणाची शिफारस लागत नाही की कोणती पदवी. यादीत भर पडत आली ती अशाच पत्रांनी. तोपर्यंतचे काम अडू नये म्हणून आपल्या प्रतीत एक ओळ हाताने वाढविता येते. मात्र काय वाढविले आणि कोणत्या तारखेला, ते एका कागदावर लिहून गठ्ठ्यातच ठेवावे, म्हणजे आपल्यामागून तो गठ्ठा ज्याच्या हाती जाईल त्याला पुन्हा आरंभापासून शोधावे लागणार नाही.